कोजागरीला नको, अष्टमीला चला: डासांच्या दिवसांत खाडीवर कयाक आणि मुक्काम

नवरात्र जवळ आलं की ठाण्यातल्या ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. "कोजागरीला कयाक घेऊन खाडीत जायचंय, रात्री काठावर तंबू टाकू. डासांचं मलम घेतलंय, अजून काय घेऊ?" प्रश्न नेहमी सामानाचा असतो. चूक मात्र सामानाच्या आधी, दिवस ठरवतानाच झालेली असते.

हीच चूक मीही केली आहे. चार वर्षांपूर्वी मी आणि माझा मावसभाऊ, अजून दोन मित्र, कोजागरीच्या दुपारी चार वाजता पाण्यात उतरलो. साडेपाचला कयाक गाळावर टेकली. भाऊ ढकलायला म्हणून खाली उतरला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. दोन्ही हातांनी कयाकची कड धरून त्याने पाय वर ओढला, तेव्हा पाय आला, बूट आत राहिला. सहा वाजता पाणी आमच्यापासून दीडशे पावलं लांब गेलं होतं आणि काठावरच्या तिवरांच्या झाडीतून डासांचा आवाज सुरू झाला होता. साडेआठला भरतीने उचलेपर्यंत आम्ही चौघे तोंडावर टॉवेल बांधून बसून होतो. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर एका म्हाताऱ्या नाखवाकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तिथ बघितली होती का? पुनवेला सांजचं पानी नाय."

हा लेख त्या एका वाक्याभोवती आहे. घोडबंदर रस्त्याच्या कडेने वसईकडे जाणारी उल्हास नदीची खाडी, म्हणजे गायमुख ते कोलशेत हा पट्टा, आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य हे दिवस मी डोळ्यांपुढे ठेवले आहेत. जून ते सप्टेंबरच्या ऐन पावसात या पाण्यात कयाक घालू नका. त्या दिवसांसाठी कुठलीही तयारी पुरत नाही.

१. आधी तिथी, मग सुट्टी

आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण ते एक तास उशिरा येते. किनाऱ्यावर याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमेला आणि अमावास्येला साडेअकरा-बारा. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत मोजणी पहिल्यापासून करायची.

आता हाच हिशेब मुक्कामाच्या दृष्टीने बघा. पौर्णिमेला भरती दुपारी बाराला आणि मध्यरात्री बाराला. म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहाला आणि पहाटे सहाला. नेमकं दिवस मावळताना, जेव्हा तुम्हाला काठाला लागायचं असतं, तेव्हा काठापुढे नुसता गाळ असतो. सकाळी निघताना परत तेच. त्यात हे उधाणाचे दिवस. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे ओढही जास्त आणि उघडा पडणारा गाळही जास्त.

अष्टमीला सगळं उलटं होतं. भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास, पुन्हा सकाळी साडेसहाच्या आसपास. हे भांगाचे दिवस, पाण्याची चढउतार उधाणाच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी. संध्याकाळी पाणी काठाशी भरलेलं असताना उतरता येतं आणि सकाळी भरल्या पाण्यातून निघता येतं. म्हणून सप्तमी, अष्टमी, नवमी हे तीन दिवस धरा. नवरात्रात ही संधी आपोआप येते, कारण दसरा दशमीचा. दसऱ्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत जमलं तर उत्तम. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते, तेव्हा तो दिवस सोडा. भाऊबीजेनंतरचा आठवडा घ्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अष्टमीला डास कमी नसतात, उलट जास्तही असू शकतात. उधाणाचं पाणी कांदळवनातल्या, म्हणजे तिवरांच्या जंगलातल्या, खळग्यांत साचून राहतं आणि आठवड्या-दहा दिवसांत त्यातून डासांची नवी खेप उडते. तरीही मी अष्टमीच निवडतो. डासांवर जाळी हा उपाय आहे. अंधारात गुडघाभर गाळात अडकलेल्या माणसाला जाळीचा उपयोग नाही.

तपासा: पाऊणपटीचा हिशेब फक्त दिवस निवडायला. नक्की वेळेसाठी त्या तारखेचं मुंबईचं छापील किंवा मोबाइलवरचं भरतीचं वेळापत्रक बघा. भांगाच्या दिवसांत अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ यांत तासाभराचा फरक पडू शकतो.

२. जागा आणि परवानगी

कांदळवनात तंबू टाकायचा नाही. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, ती संरक्षित जमीन आहे. फांदी तोडणं, शेकोटी पेटवणं, जागा साफ करणं हे तिथे गुन्ह्यात मोडतं. ऐरोली, वाशीच्या बाजूची ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आहे. तिथे आपली कयाक घेऊन आपल्या मनाने शिरता येत नाही. ते पाणी बघायचं असेल तर ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाच्या बोटीने जा. ट्रॉम्बेच्या बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्राचा किनारा आहे, त्या दिशेला जायचंच नाही.

गायमुख, नागला बंदर पट्ट्यातही ठाण्याकडचा काठ मुक्कामाला घेऊ नका. रस्त्यापलीकडे लगेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि बिबट्याचा वावर आहे. समोरच्या भिवंडी तालुक्याच्या बाजूला, काल्हेर-पायेगावच्या अंगाला, शेतं, खाजगी वाड्या आणि खारबंदिस्तीचे बांध आहेत. तिथे जागेच्या मालकाला आधी प्रत्यक्ष भेटा. फोनवर "या की" म्हटलेलं पुरत नाही. किती जण, किती वाजता, कुठून उतरणार, संडास वापरू का, गाडी कुठे लागेल, हे समोर बसून बोला. गावच्या पोलीस पाटलाच्या कानावर घाला. रात्री खाडीच्या काठाला दिवे दिसले की गावाला चोरून रेती काढणाऱ्यांची शंका येते आणि ती रास्त असते.

निघणार असाल त्या धक्क्यावर कोळी बांधवांशी बोला. कुठे जाळी लावली आहेत, कुठे गाळाची नवी उंची आली आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. जमलं तर एखाद्या नाखवादादांची होडी सोबतीला ठरवा आणि मोबदला आधीच ठरवून द्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सोबतीच्या होडीशिवाय जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

३. आठवडाभर आधी जमिनीवरून एक फेरी

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. दोन फेऱ्या मारा, एक पूर्ण भरतीला, एक पूर्ण ओहोटीला. भरतीला काठ बघून सगळीकडे उतरता येईल असं वाटतं, ओहोटीला त्याच काठाचं खरं रूप कळतं.

बघायचं काय? एक, उतरायच्या जागी कातळ, दगडी पायऱ्या किंवा मुरमाची उतरण आहे का. दोन, कचऱ्याची रेघ कुठे आहे. उधाणाचं पाणी प्लास्टिक, थर्माकोल आणि काटक्या जिथपर्यंत आणून टाकतं तिथे एक रेघ उमटते. तंबू त्या रेघेच्या वर, चांगला हातभर उंचीवर. तीन, जमिनीतून पेन्सिलीसारखी उभी मुळं वर आलेली दिसतात का. ती तिवराची श्वसनमुळं. ती आहेत तिथे भरतीचं पाणी येतं, जमीन कितीही कोरडी वाटू दे. चार, धक्क्याच्या एका पायरीवर खूण धरून पाणी तिथे किती वाजता आलं ते लिहून ठेवा. वेळापत्रक मुंबई बंदराचं असतं. आत येईपर्यंत भरतीला उशीर होतो, आणि पावसानंतर नदीचं पाणी उतरत असताना ओहोटी जास्त वेळ चालते. तुमच्या धक्क्याचा फरक तुम्हीच मोजायचा.

सावध: परतीच्या पावसात बारवी धरण भरून वाहत असेल किंवा बदलापूर-कल्याणकडे जोराचा पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला. गढूळ पाणी, वाहत येणारे ओंडके आणि जलपर्णीचे ताटवे दिसले की नदी अजून उतरलेली नाही असं समजा.

४. सामान: कयाक, पाय आणि कातडी

कयाक कडक प्लास्टिकची, वर बसायची घ्या. हवा भरायची कयाक इथे आणू नका. तिवराची मुळं आणि दगडांवरची कालवं ती सहज फाडतात. प्रत्येकाच्या अंगात बसणारं लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी, दोन जणांत एक जादा वल्हं, मोबाइल पाणबंद पिशवीत आणि ती पिशवी अंगाला बांधलेली. कयाकला बांधाल तर उलटल्यावर फोन कयाकबरोबर जाईल.

पायात लेसचे जुने कॅनव्हासचे बूट, घट्ट बांधून. चप्पल गाळात राहते. गमबूट तर सर्वांत वाईट, पाणी भरलं की पाय निघत नाही. कालवांचं कवच ब्लेडसारखं कापतं आणि या पाण्यात झालेली जखम लवकर चिघळते, म्हणून अनवाणी पाऊल टाकायचं नाही.

आता किडे. इथे दोन वेगळे त्रास आहेत आणि बहुतेक जण एकाचीच तयारी करतात. डास सगळ्यांना माहीत आहेत. पण खाडीकाठी खरा छळ चिलटांचा. एक ते तीन मिलिमीटरचा जीव, दिसत नाही, चावला की आग होते आणि दोन दिवस खाज राहते. घरच्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आरामात आत येतात. तंबूची जाळी हातात घेऊन उजेडापुढे धरा. भोकं सुटी सुटी मोजता येत असतील तर ती जाळी डासांपुरती आहे. अशा तंबूला आतून पडद्याच्या पातळ व्हॉइलचा किंवा जुन्या मलमलच्या साडीचा पडदा शिवून घ्या. कोपऱ्यांना नाड्या लावल्या की काम होतं. हवा थोडी कमी खेळते, पण झोप लागते.

कपडे फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे. अंगाला चिकटलेल्या लेगिंगमधून डास सहज चावतो, हे लक्षात न आल्याने अनेकजणी हैराण होतात. पायमोजे पँटवर ओढून घ्या. डोक्यावरून घ्यायची जाळी आणि ती चेहऱ्यापासून लांब धरणारी कडेची टोपी, हे दोन्ही मिळून एकच वस्तू समजा. टोपीशिवाय जाळी गालाला टेकते आणि टेकलेल्या जागी चावतातच.

मलम घेताना वेष्टणावर घटकाचं नाव आणि प्रमाण वाचा. डीट किंवा पिकारिडिन वीस ते तीस टक्के असेल तर संध्याकाळ निघते. दहा टक्क्यांचं डीट साधारण दोन तासांत संपतं, मग "लावलं होतं तरी चावले" अशी तक्रार येते. आधी सनस्क्रीन, पंधरा-वीस मिनिटांनी मलम, हा क्रम उलटा करू नका. डीट प्लास्टिकला खातं. घड्याळाची काच, चष्म्याची फ्रेम, रेनकोट यांना हात लावण्याआधी तळवे पुसा. मनगटात घालायच्या सुगंधी पट्ट्या आणि कपड्यांवर लावायचे स्टिकर यांच्यावर विसंबून राहू नका. लहान मुलांना मलम मोठ्यांनी लावायचं, त्यांच्या हाताच्या तळव्यांना नाही. पण खरं तर या बेतात बारा वर्षांखालच्या मुलांना आणू नका.

पाणी माणशी पाच लिटर. खाडीचं पाणी उकळूनही पिण्यालायक होत नाही, कारण ते खारट आहे आणि त्यात शहराचं सांडपाणी आहे. ओआरएसची पाकिटं, अँटिसेप्टिक, पाणी न शिरणाऱ्या चिकटपट्ट्या, खाज कमी करणारं कॅलमाइन. कुणाला कीटकदंशाची तीव्र ॲलर्जी असेल तर त्याने हा बेत वगळावा.

जेवण चुलीशिवायचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, सकाळसाठी दडपे पोहे. रात्री खाडीकाठी स्वयंपाक करायचा हट्ट धरला की चावून घेण्याची वेळ दोन तासांनी वाढते.

तपासा: निघण्याच्या आदल्या दिवशी तंबू घराच्या गच्चीत उभा करून संध्याकाळी आत बसा. चेन अडकते का, शिवण उसवली आहे का, हे तिथे कळू द्या.

५. पाण्यावर: भरतीबरोबर जायचं, ओहोटीबरोबर यायचं

अष्टमीचा नमुना घ्या. दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी संपते, संध्याकाळी सहाला भरती पूर्ण. वसईकडून शिरणारी भरती गायमुखाकडून कोलशेतच्या दिशेला वर चढते. म्हणून गायमुखाच्या बाजूने निघून वर जायचं आणि सकाळच्या ओहोटीने खाली यायचं. दोन्ही वेळा पाणी तुमच्या बाजूने. ऑक्टोबरात दुपारी वाराही समुद्राकडून येतो आणि सकाळी बहुधा जमिनीकडून, म्हणजे तोही साथ देतो. पहिल्या वेळी पाच-सहा किलोमीटरच्या पुढचा मुक्काम ठरवू नका.

सहा तासांच्या भरतीतलं जवळजवळ निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. आपल्या उदाहरणात दोन ते चार. अडीचला पाण्यात उतरा, या ओढीवर स्वार व्हा, आणि पावणेपाच-पाचला, ओढ मंदावलेली असताना, काठाला लागा. पाचच्या पुढे पाण्यावर राहायचं नाही. सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि मधला तास तंबूचा आहे.

निघण्याआधी विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आणि हवामान खात्याचा अंदाज बघा. ऑक्टोबरातल्या गडगडाटी सरी बहुधा दुपारी तीन-चारनंतर येतात. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पाणी सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरू नका. उघड्या बांधावरही उभं राहू नका.

पाण्यावर सर्वांत मोठा धोका मला खुंटांना बांधलेल्या जाळ्यांचा वाटतो. पाणी जाळीतून जातं, कयाक जात नाही. ओढ तिला खुंटावर दाबते आणि उलटवते. खुंटांची रांग दिसली की प्रवाहाच्या वरच्या अंगाने नाही, खालच्या अंगाने, लांबून वळसा. बार्ज, सक्शन पंपाच्या बोटी आणि त्यांचे ताणलेले दोर यांनाही तोच नियम. पुलाच्या खांबांमध्ये पाणी भोवरे घेतं, तिथे मधोमध आणि सरळ जायचं, खांबाजवळ फोटोला थांबायचं नाही.

कयाक उलटली तर तिला सोडू नका. आधी कयाक धरा, मग वल्हं, मग माणसं मोजा. उलटल्यावर परत चढण्याचा सराव शिक्षकासोबत स्वच्छ पाण्यात आधी झालेला असला पाहिजे. खाडीत शिकायची ही गोष्ट नाही. तोंडात पाणी गेलं तर थुंका, चूळ भरा, आणि पुढच्या दिवसांत तब्येतीकडे लक्ष ठेवा.

तपासा: निघताना किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे नावं, वेळ आणि मुक्कामाची जागा लिहून ठेवा. पोहोचल्याचा फोन साडेपाचपर्यंत आला नाही तर त्याने ११२ ला कळवायचं. खाडीच्या तोंडाकडे वाहून गेल्याची शंका असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

६. काठाला लागताना आणि गाळात अडकलात तर

बघून ठेवलेल्या कठीण जागीच उतरा. उतरण्याआधी वल्हं खाली रोवून बघा. पात्याच्या वर दांडा आत जात असेल तर तिथे पाय ठेवायचा नाही. एकाने उतरून कयाक धरायची, मग दुसऱ्याने. सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या की एक तरी घसरतो.

पाय रुतलाच तर सरळ उभं राहून तो उपटायचा प्रयत्न करू नका. एक पाय काढताना सगळं वजन दुसऱ्यावर येतं आणि तो अधिक खोल जातो. कयाक जवळ ओढा, तिच्यावर पोट टेकून आडवे व्हा, वजन कयाकवर जाऊ द्या. मग घोटा हळूहळू गोल फिरवत गाळात पाणी शिरू द्या, गाळ सुटतो. बूट गेला तर जाऊ द्या. दुसऱ्याने मदतीला चालत यायचं नाही, दोर किंवा वल्हं फेकायचं.

आणि पाणी पुढे निघून गेलंच, कयाक गाळावर बसलीच, तर कयाकमध्येच बसून राहा. पुढच्या भरतीला पाणी परत येतं. गाळातून चालत काठ गाठायचा मोह माणसाला संकटात घालतो. आमच्या कोजागरीच्या रात्री आम्ही एवढीच एक गोष्ट बरोबर केली होती.

७. पाच ते सव्वासहा: घड्याळ लावून करायची कामं

डास आणि चिलटांचा जोर दिवस मावळल्यापासून साधारण दीड तास असतो, आणि पुन्हा पहाटे उजाडताना. त्याआधी बाहेरची सगळी कामं संपली पाहिजेत. क्रम हाच ठेवा.

आधी तंबू. बांधाच्या किंवा वाडीच्या उंच, वारा लागणाऱ्या जागी. चिलटं इतकी हलकी असतात की मंद झुळकीतही त्यांना उडता येत नाही. म्हणून आडोसा शोधायची आपली सवय इथे बाजूला ठेवा. झाडोरा, गवताचा गराडा, साचलेलं पाणी यांपासून जितकं लांब तितकं चांगलं. दार वाऱ्याच्या तोंडाला. तंबू उभा राहताक्षणी चेन बंद, सामान नंतर. उघड्या तंबूत आत गेलेले डास रात्रभर तुमचे पाहुणे असतात.

जमिनीतली बिळं बघा. बांधावर उंदीर आणि खेकड्यांची बिळं असतात, आणि उंदरांच्या मागे घोणस, नाग येतात. बिळांची जागा सोडा. हात घालून दगड किंवा लाकूड उचलू नका.

मग अंग. सोबत आणलेल्या गोड्या पाण्याने पाय, हात, चेहरा धुवा, खरचटलं असेल तिथे औषध आणि पट्टी. घामेजलेले, खाडीचा वास लागलेले कपडे पिशवीत बंद करून कोरडे घाला. सनस्क्रीन धुतलं गेलंय, आता मलम: मान, कानामागे, घोटे, मनगटं. घोटे विसरले जातात आणि चिलटं नेमकी तिथे येतात.

मग जेवण, उजेड असताना. उरलेलं अन्न घट्ट डब्यात आणि कचरा गाठ मारलेल्या पिशवीत. खाडीकाठच्या झाडीत कोल्हे असतात, गावची कुत्रीही येतात. कोल्हा जवळ आला, तो अजिबात बुजत नाही असं दिसलं, तर त्याचं कौतुक करू नका. लांब व्हा. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच रात्री रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

शेवटी संडास. वाडीवरचा वापरा, आणि सहाच्या आधी सगळ्यांनी जाऊन या. ही साधी गोष्ट न केल्याने रात्री आठला तंबूची चेन चार-चार वेळा उघडते.

सावध: तंबूच्या आत कॉइल, धूप, मेणबत्ती काही नाही. बंद जागेत धूर कोंडतो आणि तंबूचं कापड क्षणात पेटतं. कॉइल बाहेर, वारा येतो त्या बाजूला, मातीच्या उघड्या जागेवर ठेवा. मालकाने परवानगी दिली तर वाडीवर गोवरी आणि सुक्या कडुनिंबाच्या पानांची धुरी चालते, पण ती वारा असताना निम्मी वाया जाते.

८. रात्र

तंबूत दिवा लावून चेन उघडली की डास उजेडाच्या मागे आत येतात. म्हणून क्रम पाठ करा: दिवा बंद, बाहेर उभं राहून कपडे झटका, चेन हातभरच उघडा, आत, चेन बंद, मग दिवा. एक पांढरा दिवा तंबूपासून पंधरा-वीस पावलं लांब टांगून ठेवला तर बरेचसे किडे तिकडे जातात. आत आलेले एकेक शोधून मारायला दहा मिनिटं द्या. ती दहा मिनिटं झोपेच्या चार तासांची किंमत देतात.

ऑक्टोबरची रात्र दमट असते. जाड स्लीपिंग बॅग नको, सुती चादर पुरते. झोपेत हात-पाय जाळीला टेकणार नाहीत असं मधोमध झोपा. जाळीला टेकलेलं अंग म्हणजे डासांपुढे मांडलेलं ताट.

साडेआठ-नऊनंतर वारा असेल तर बाहेर बसता येतं. पाणी उतरत असतं, गाळावर चिंबोऱ्यांची बारीक टकटक आणि पाणी ओसरताना होणारा बुडबुड्यांचा आवाज येतो. यासाठीच आपण आलेलो असतो, तेव्हा तासभर दिवे आणि गाणी बंद ठेवा. ओहोटीच्या बाजूला, गाळाकडे, रात्री कोणीही जायचं नाही.

९. सकाळ

पाचला उठून बाहेर यायची घाई करू नका. उजाडतानाचा तास चिलटांचा. पूर्ण भरती साडेसहाच्या सुमारास असते, ऊन तंबूवर पडलं की चिलटं विरळ होतात. आत बसून दडपे पोहे खा, आवराआवर आतच करा, तंबू सर्वांत शेवटी पाडा. साडेसातला पाण्यावर. ओहोटी नुकतीच सुरू झालेली असते, काठाशी अजून पाणी असतं आणि पुढचा प्रवाह तुम्हाला खाली नेतो. साडेआठनंतर निघालात तर मधल्या तासांच्या ओढीत सापडाल आणि पोहोचायच्या जागी गाळ उघडा पडलेला असेल.

तपासा: गायमुखाचा धक्का आला की थांबायचं आहे हे आधीच डोक्यात असू द्या. अर्धा किलोमीटर आधीपासून काठाच्या बाजूला सरका. ओहोटीत धक्का चुकला तर उलटं वल्हवत येणं नवख्याला जमत नाही, प्रवाह थेट खाडीच्या तोंडाच्या दिशेला, घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलाकडे नेतो. चुकलाच तर प्रवाहाशी भांडू नका, तिरकं वल्हवत जवळच्या कठीण काठाला लागा आणि फोन करा.

१०. घरी आल्यावर

कयाक, वल्ही, जॅकेट, बूट गोड्या पाण्याने धुवा. तंबू ओला घडी करून ठेवला तर पुढच्या वेळी जाळीवर बुरशी असते आणि चेन खारटपणाने अडकते. साबणाने आंघोळ करा आणि काखा, गुडघ्यामागे, कंबरेच्या पट्ट्याखाली गोचीड आहे का बघा. गुरं बांधलेल्या वाडीवर मुक्काम केला असेल तर हमखास बघा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. चुरगळायची किंवा जाळायची नाही.

जखम असताना या पाण्यात भिजला असाल तर लेप्टोच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा, मनाने घेऊ नका. आणि पुढचा महिनाभर ताप, थंडी, पोटऱ्यांत जबर दुखणं, डोळे लाल होणं यांतलं काही दिसलं तर क्रोसिन घेऊन दोन दिवस वाट बघत बसू नका. लेप्टोची लक्षणं बहुधा एक-दोन आठवड्यांत दिसतात, क्वचित महिन्याने. मलेरियालाही आठवडा ते महिना लागतो. तोपर्यंत खाडी विसरून गेलेली असते आणि पेशंट डॉक्टरांना फक्त "ताप आहे" एवढंच सांगतो. दवाखान्यात पहिलं वाक्य हे असू द्या: "अमुक तारखेला मी खाडीच्या पाण्यात होतो आणि रात्री काठावर झोपलो होतो."